संमेलनाचे पाहुणे आणि यजमान नगर : पुणे, चिंचवड व कोकणकिनारा यांच्या संदर्भात एक टिपण

परिषदा, अधिवेशने व संमेलने यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा अध्यक्षीय भाषणे आणि संमत झालेले ठराव यांच्या आधारे लिहिला जातो. ही साधने सहज उपलब्ध असतात आणि त्यांचे महत्त्वही निर्विवाद आहे. परंतु तीन दिवसांच्या संमेलनास आलेला प्रतिनिधी मंडपात जेमतेम निम्मा वेळ असतो. उरलेल्या वेळात तो कोठे उतरतो, कोणाच्या पंक्तीस जेवतो, त्यास काय दाखविले जाते आणि काय दाखविले जात नाही, या प्रश्नांकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा विषय किरकोळ नव्हे. पाहुण्यास काय दाखवावे हे ठरविताना यजमान नगराला स्वतःविषयी काहीतरी ठरवावेच लागते, आणि तो निर्णय पुष्कळदा ठरावांपेक्षा अधिक बोलका असतो.

विषयाकडे वळण्यापूर्वी काही शब्दांचा विचार करणे उचित होईल. ‘पाहुणा’ हा शब्द ‘पाहणे’ या क्रियापदावरून आला, जो पाहावयास येतो तो पाहुणा, अशी एक लोकव्युत्पत्ती ऐकू येते. ती आकर्षक असली तरी खरी नाही. संस्कृत कोशांतील ‘प्राघुण’ किंवा ‘प्राघूर्ण’ आणि प्राकृतातील ‘पाहुण’ या मालिकेत मराठी ‘पाहुणा’ बसतो. पाहण्याशी त्याचे मूळ नाते नाही. तथापि लोकव्युत्पत्ती चुकीची असली तरी निरर्थक नसते. पाहुणा आला की त्यास काही ‘दाखविले’ पाहिजे, ही आपल्या समाजाची धारणा त्या चुकीत नेमकी उमटली आहे. ‘यात्रा’ व ‘जत्रा’ ही जोडी याहून उद्बोधक आहे. आद्य यकाराचा जकार होऊन एकाच शब्दाची दोन रूपे झाली आणि मराठीने त्यांना निरनिराळी कामे वाटून दिली. यात्रेत देव मुख्य आणि बाजार गौण, तर जत्रेत बाजार, तमाशा व कुस्त्या यांना बरोबरीचे स्थान. संमेलनाविषयी बोलताना टीकाकार ‘जत्रा’ हा शब्द हेटाळणीने वापरतात आणि संयोजक ‘शारदेची यात्रा’ असे म्हणतात, तेव्हा हे जुने वाटप अजून शाबूत असल्याचे दिसते. ‘करमणूक’ या शब्दाची गोष्ट तशीच. ‘करमणे’ हे क्रियापद ‘क्रमणे’ याच्याशी जोडले जाते, म्हणजे मुळातली कल्पना वेळ जाण्याची. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली आपल्या साप्ताहिकास हे नाव दिले, तेव्हा या शब्दास एक प्रतिष्ठा लाभली.

आता इतिहासाकडे वळू. १८८५ हे वर्ष या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात भरणारी राष्ट्रीय सभा मुळात पुण्यास व्हावयाची होती हे सर्वज्ञात आहे. तिच्या पूर्वतयारीसाठी जे परिपत्रक काढण्यात आले, त्यातील राजकीय उद्दिष्टे नेहमी उद्धृत होतात. पाहुणचाराचा भाग मात्र कोणी वाचत नाही. पर्वतीजवळील पेशव्यांची बाग, म्हणजे हिराबाग, ही सभास्थान म्हणून आणि प्रतिनिधींचे निवासस्थान म्हणून अशी दोन्ही प्रकारे वापरली जाईल, असे त्यात सांगितले होते. प्रतिनिधींनी पुण्यापर्यंत स्वखर्चाने यावे. पण पुणे स्टेशनवर पाऊल ठेवल्यापासून ते सोडीपर्यंत गाडी, निवास, भोजन आदी सर्व व्यवस्था यजमानांकडून विनामूल्य होईल, अशी हमी होती. खर्च स्वागतनिधीतून भागवावयाचा होता. तो निधी प्रथमतः पुण्याच्या सार्वजनिक सभेने उभारावा आणि ज्या प्रतिनिधींना ऐपत असेल त्यांनी त्यात स्वेच्छेने भर घालावी, अशी योजना होती.

या व्यवस्थेमागील कारण परिपत्रकात स्पष्टपणे दिले आहे. सर्व मंडळी आठवडाभर एकाच आवारात राहिली तर परस्परांशी स्नेह जुळण्यास जितका वाव मिळेल, तितका ती शहरभर खासगी बिऱ्हाडांत विखुरली असता मिळणार नाही. याच्या समर्थनार्थ नुकत्याच मुंबईत झालेल्या एका समारंभाच्या वेळी प्रतिनिधींची कशी पांगापांग झाली होती, याचा दाखलाही दिला आहे. म्हणजे पाहुण्यांचा मोकळा वेळ ही संयोजकांच्या दृष्टीने कार्यक्रमातील रिकामी जागा नव्हती; सभेच्या कामाचाच तो एक भाग होता. निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे इंग्रजीतून भाषणे करतील हे गृहीतच होते. ती एकत्र जेवतील काय, संध्याकाळी एकत्र फिरतील काय, हा खरा प्रश्न होता. पर्वतीच्या पायथ्याशी असलेली बाग या प्रयोगास सोयीची होती.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. अधिवेशन काही दिवसांवर आले असता पुण्यात पटकीचे म्हणून समजले गेलेले रुग्ण आढळले आणि सभा मुंबईस हलविण्यात आली. गोवालिया तलावाजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालय व त्याचे वसतिगृह व्यवस्थापकांनी मोकळे करून दिले आणि २८ डिसेंबर रोजी व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली ७२ प्रतिनिधी तेथे जमले. स्थळ बदलले तरी एकाच ठिकाणी सभा व निवास हे तत्त्व टिकले, याची येथे नोंद घेतली पाहिजे. पुण्याच्या यजमानांनी जी कल्पना मांडली ती सागरतीरीच्या शहरात प्रत्यक्षात आली.

त्याच वर्षी, परंतु सात महिने अगोदर, मे महिन्यात पुण्यास मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली होती. पहिली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली झाली. दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले आणि त्यांनी ते नाकारले. त्यांचे पत्र ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले असून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. ज्यांच्या मनात सर्व मानवांच्या समान हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, हा त्याचा आशय. पाहुणचाराच्या इतिहासात या पत्राचे मोल वेगळ्या कारणाने आहे. निमंत्रण पाठविताच सर्व जण पाहुणे होतील, असे यजमान धरून चालले होते. पाहुणा होण्यास यजमानाची रीत मान्य असावी लागते, हे फुल्यांनी दाखवून दिले. हिराबागेच्या परिपत्रकातील एकत्र निवासाची रम्य कल्पना वाचताना हे पत्र शेजारी ठेवावे.

दहा वर्षांनी, १८९५ साली, राष्ट्रीय सभा अखेर पुण्यास आली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष होते. १८८७ पासून राष्ट्रीय सभेचे काम संपल्यावर त्याच मंडपात सामाजिक परिषद भरविण्याचा प्रघात होता. पुण्यात या प्रघातास प्रखर विरोध झाला. मंडप ज्यांच्या वर्गणीतून उभारला जातो त्यांच्यापैकी अनेकांना सामाजिक सुधारणा मान्य नाहीत, तेव्हा तो परिषदेस देऊ नये, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. अखेर रानड्यांनी मंडपाचा आग्रह सोडला आणि परिषद फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात स्वतंत्रपणे भरली. या वादाकडे टिळक व रानडे यांच्यातील मतभेदाचे एक प्रकरण म्हणून पाहिले जाते, आणि तसे ते आहेच. पण त्याला दुसरीही बाजू आहे. मुख्य सभा उठल्यानंतर मंडप कोणाचा? दूरवरून आलेल्या माणसांचा उरलेला वेळ कोणत्या कामास लावावयाचा? पाहुण्यांच्या फावल्या वेळावरून एखाद्या शहरात इतका कडवा वाद झाल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकास आठवत नाही.

यानंतर राष्ट्रीय सभेबरोबर औद्योगिक प्रदर्शने भरू लागली : १९०१ साली कलकत्त्यास, पुढील वर्षी अहमदाबादेस, नंतर मद्रासेस आणि १९०४ साली मुंबईस. मुंबईच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांनी केले. ज्या सभेत सरकारवर टीका व्हावयाची, तिच्या शेजारच्या प्रदर्शनाचे दार सरकारच्या प्रतिनिधीने उघडावे, यात त्या काळी कोणास विसंगती वाटली नाही. देशी माग, देशी काच, देशी यंत्रे ही त्या वेळी ‘प्रेक्षणीय’ होती. कारखान्यात तयार झालेली वस्तू पाहणे ही करमणूकही होती आणि देशकार्यही. हा मुद्दा पुढे चिंचवडकडे वळताना उपयोगी पडेल.

मराठी साहित्य संमेलनांपैकी काही किनाऱ्यावरील गावी झाली. मडगावास १९३० साली वामन मल्हार जोशी, रत्नागिरीस १९४० साली ना. सी. फडके, कारवारास १९५१ साली अ. का. प्रियोळकर आणि मालवणास १९५८ साली कवी अनिल अध्यक्ष होते. किनाऱ्यावरील यजमानाचे काम एका अर्थी सोपे असते. समुद्राची ओळख करून द्यावी लागत नाही. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसले की सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजीमहाराजांनी बांधावयास घेतलेला हा जलदुर्ग, त्यातील शिवराजेश्वराचे मंदिर आणि तटाबाहेर चहूकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी. विदर्भातून आलेल्या अध्यक्षास याहून अधिक काय दाखवावयाचे? रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान, ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाचा वाडा आणि १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर ही तिन्ही एका दिवसात पाहून होतात. पण ती एकत्र पाहिली की एकाच गावातील तीन निरनिराळ्या इतिहासांची ओळख घडते. ब्रह्मदेशचा राजा येथे बंदी म्हणून आला आणि १९१६ साली येथेच वारला, हे वाड्याच्या सुंदर सज्जावरून ध्यानात येत नाही.

कारवारची गोष्ट भाषेच्या अभ्यासकास विशेष विचार करावयास लावते. तेथील समुद्राने १८८३ साली तरुण रवींद्रनाथांना मोहविले होते. त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ तेथे जिल्हा न्यायाधीश होते आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक त्याच वास्तव्यात लिहिले गेले. १९५१ साली हे गाव मुंबई राज्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले. मराठी, कोंकणी व कानडी या तिन्ही भाषा ज्या बाजारात कानी पडतात, तेथे मराठीचे संमेलन भरते तेव्हा गावातून मारलेला फेरफटकाच एक भाषाविषयक विधान होऊन बसतो. प्रियोळकरांसारखा कोंकणी व मराठी यांच्या जुन्या ग्रंथांचा संशोधक अध्यक्ष असणे हा केवळ योगायोग नसावा.

१९५८ चे स्मरण आणखी एका कारणाने ठेवावयास हवे. मालवणचे संमेलन ज्या वर्षी झाले, त्याच वर्षी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. एकाच किनाऱ्यावरील या दोन संमेलनांस आलेल्या माणसांनी भोवतालचे जग एकसारखे पाहिले असेल, असे म्हणवत नाही. फुल्यांच्या पत्रातील प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. मात्र आता नकार देऊन थांबलेले नाही, स्वतंत्र मंडप घातला गेला आहे.

आता देशावर, चिंचवडकडे. आज पिंपरी-चिंचवड म्हटले की कारखाने डोळ्यांसमोर येतात, आणि पाहुण्यास दाखविण्यासारखे तेथे काही नाही, असा समज पुण्यातील सुशिक्षितांत दृढ आहे. हा समज इतिहासाशी जुळत नाही. परकीय प्रवाशांच्या लेखी चिंचवड हे दोनशे वर्षांपूर्वीच एक ‘प्रेक्षणीय स्थळ’ होते. मोरया गोसावींच्या गादीवरील देव यांच्या ठायी गणपतीचा अंश वंशपरंपरेने वास करतो, ही श्रद्धा ऐकून कॅप्टन एडवर्ड मूर चिंचवडास गेला आणि त्याचा निबंध १८०१ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८०९ साली मारिया ग्रॅहॅम ही इंग्रज बाई तेथे गेली. तिची रोजनिशी १८१२ साली छापली गेली. तिला गादीवर एक लहान मुलगा दिसला. इतर मुलांहून त्याच्यात वेगळे काही नव्हते, डोळ्यांत मात्र एक अस्वस्थ झाक होती, आणि ती अफूमुळे असल्याचे तिने ऐकीव माहितीवर लिहून टाकले. वाड्याविषयी तिचे मत तो प्रचंड पण सौंदर्यहीन आहे असे होते. वाडा ज्या नदीकाठी आहे तिचे नाव तिने मुठा असे दिले आहे. वस्तुतः ती पवना.

या दोन लेखकांनी गावाचे नाव कसे लिहिले हे पाहण्यासारखे आहे. मूर ‘चिंचूर’सारखे रूप देतो, ग्रॅहॅम ‘चिमचोर’सारखे. शेवटचा मूर्धन्य ‘ड’ इंग्रजी कानास ‘र’ असा ऐकू येणे स्वाभाविक आहे. ‘वड’ मधील अर्धस्वर ‘व’ व पुढचा अकार एकरूप होऊन ओ किंवा ऊ बनणेही समजण्याजोगे आहे. म्हणजे नाव त्यांनी कोणाच्या तरी तोंडून ऐकले आणि ऐकले तसे लिहिले. नदीचे नाव मात्र विचारलेले दिसत नाही. पाहुणा काय पाहतो आणि काय विचारावयाचे राहून जाते, याचा हा एक लहानसा पण नेमका पुरावा आहे. मूरला निदान श्रद्धेचे स्वरूप समजून घ्यावयाचे होते. ग्रॅहॅमबाई आपला निकाल सोबत घेऊनच आल्या होत्या असे वाटते.

गावाच्या स्वतःच्या पंचांगात या पाहुण्यांना स्थान नव्हते. मार्गशीर्ष वद्य षष्ठीचा समाधी-उत्सव आणि भाद्रपद व माघ महिन्यांत चिंचवडहून मोरगावास जाणारी पालखी या यात्रा प्रवासी येण्यापूर्वीही होत्या आणि आजही आहेत. पलीकडे इंद्रायणीकाठी देहू व आळंदी. उत्तरेस चाकणचा भुईकोट, जेथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या सैन्यास पन्नासहून अधिक दिवस थोपवून धरले. १८९७ च्या रँड-वधातील चापेकर बंधूंचा वाडा चिंचवडगावातच आहे. देहूरोडच्या विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धर्मदीक्षेस तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. एवढे असताना ‘येथे पाहावयास काय आहे’ असे विचारणे हे विचारणाऱ्याविषयी अधिक सांगते.

त्याच १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकात अशा कारखान्याची गणना धरणांबरोबर होत असे. १९०४ च्या प्रदर्शनातील ‘प्रेक्षणीय’ या शब्दाचा अर्थ येथे आणखी विस्तारला. मग औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आल्या, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा दुचाकींचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांत येथून आलेल्या कामगारांनी या नगराची लोकसंख्या घडविली. त्यांच्या बोलींचा अभ्यास हा आमच्या विभागापुढील एक अत्यंत निकडीचा विषय आहे, पण ते स्वतंत्र प्रकरण.

जानेवारी २०१६ मध्ये एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीस भरले. श्रीपाल सबनीस अध्यक्ष होते आणि डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ यजमान. वृत्तपत्रांची बरीच जागा अध्यक्षांच्या एका आधीच्या वक्तव्यावरील वादाने व्यापली. संमेलनाचे स्थळ होते हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचे मैदान, आणि त्यास नाव देण्यात आले ‘ज्ञानोबा-तुकाराम नगरी’. या नावाबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. आळंदी आणि देहू दोन्ही गावे तेथून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहेत, आणि मराठी भाषेच्या सोहळ्यास याहून समर्पक नावे सापडणे कठीण. परंतु नामकरणाचा अभ्यास करणाऱ्याने काय निवडले गेले याबरोबर काय निवडले गेले नाही हेही पाहावे लागते. ज्या भूमीवर देशातील पेनिसिलिन तयार झाले, त्या भूमीवर मंडप पडला असता तिची स्वतःची ओळख नावातून वगळली गेली. १९०४ च्या यजमानांनी असे केले नसते. त्यांच्या लेखी यंत्र आणि वाङ्मय यांत एवढे अंतर पडलेले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की भक्ती आणि कारखाना या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, त्यांची गल्लत कशाला? पण या टापूत त्या वेगळ्या राहिलेल्या नाहीत. तुकोबांच्या चिंतनाचे स्थान मानला जाणारा भामचंद्र डोंगर आज चाकणच्या औद्योगिक क्षेत्राला लागून आहे. त्या परिसरातील शिंदे-वासुली येथे डाऊ या रसायन कंपनीचे संशोधन केंद्र होऊ घातले, तेव्हा २००८ साली ग्रामस्थांनी व वारकऱ्यांनी त्यास तीव्र विरोध केला आणि पुढे कंपनीस ती जागा सोडावी लागली. देहू-आळंदीची वारी करणारा आणि पहिल्या पाळीस कामावर जाणारा माणूस या भागात पुष्कळदा एकच असतो. त्याला संमेलनाच्या मंडपात बसावयास आणावयाचे की मंडपातील पाहुण्यांना त्याच्या वस्तीत न्यावयाचे, हे ठरविण्याची संधी २०१६ च्या यजमानांपुढे होती. सहलीची गाडी देवळांकडे वळविणे सोपे असते. देऊळ बोलावयास तयार असते, कारखान्याच्या दारावर मात्र पहारेकरी उभा असतो.

त्या मैदानाचा मालक असलेला कारखाना संमेलनाच्या काळी आर्थिक विपन्नावस्थेत होता आणि कामगारांचे वेतन थकले होते. वर्ष संपण्यापूर्वी, डिसेंबर २०१६ मध्ये, कारखान्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.